दुपारी बारा वाजता सोलर इन्व्हर्टर बंद पडतो? पॅनेल धुण्याआधी व्होल्टेज बघा

सकाळी दहापर्यंत सगळं ठीक असतं. अकरा वाजून गेले, ऊन ऐन भरात आलं, की इन्व्हर्टरचा हिरवा दिवा जाऊन लाल लागतो. दोन-चार मिनिटांत तो आपोआप सुरू होतो, थोडा वेळ चालतो, परत बंद. तीननंतर गुमान चालायला लागतो. गंमत म्हणजे या सगळ्यात लाईट गेलेली नसते. पंखे, फ्रिज चालूच असतात. बिल आलं की कळतं, सिस्टिम ५ किलोवॅटची आणि युनिट जेमतेम ३ किलोवॅटचे.

अशा वेळी बहुतेक घरांत पहिला उपाय म्हणजे पाइप घेऊन गच्चीवर जायचं आणि पॅनेल धुवायचे. फरक पडत नाही. मग सोलर बसवणाऱ्याला फोन. तो म्हणतो, ‘ग्रिडचा (वीज कंपनीच्या लाइनचा) प्रॉब्लेम आहे.’ वायरमनला विचारावं तर तो म्हणतो, ‘सोलरवाल्याला बोलवा.’ दोघांचंही थोडं थोडं खरं असतं, म्हणूनच भांडण मिटत नाही. हा गुंता तीन आकड्यांत सुटतो आणि ते आकडे एकही झाकण न उघडता मिळतात.

सांगली-सातारा भागात सोलरच्या दुरुस्तीची कामं करताना ही तक्रार मला सारखी भेटते. फेब्रुवारी २०२४ मध्ये पीएम सूर्यघर योजना आली, ३ किलोवॅटला ७८ हजारांचं अनुदान मिळायला लागलं, आणि एकेका कॉलनीत एकाच डीपीवर, म्हणजे ट्रान्सफॉर्मरवर, घरोघरी सोलर चढलं. दुपारी सगळे एकदमच वीज बाहेर ढकलतात. त्यामुळे ज्यांचा इन्व्हर्टर पहिलं वर्षभर नीट चालला, त्यांचाही आता अडखळायला लागला आहे.

आधी इन्व्हर्टरच्या ॲपमधला उत्पादनाचा आलेख उघडा

निरभ्र दिवस निवडा. ढगाळ दिवसाच्या आलेखावरून काही ठरवू नका, तो वेडावाकडाच असतो.

तब्येत चांगली असलेल्या सिस्टिमची रेघ सकाळपासून एकसारखी चढते, साडेबाराच्या आसपास माथा गाठते आणि तशीच उतरते. धूळ किंवा पक्ष्यांची घाण असेल तर रेघेचा आकार हाच राहतो, फक्त उंची कमी होते. सावली पडत असेल तर रोज ठरलेल्या वेळेला खड्डा दिसतो. टाकी, शेजारचा जिना किंवा वाढलेली नारळाची झावळी शोधा. माथा सपाट कापल्यासारखा दिसला तर पॅनेलची क्षमता इन्व्हर्टरपेक्षा जास्त आहे, किंवा इन्व्हर्टर तापून हात आखडता घेतोय. तो पत्र्याखाली, पश्चिमेच्या भिंतीवर लावला असेल तर दुसरी शक्यता धरा. पावसाळ्यात सकाळी उशिरा सुरू होत असेल आणि ऊन पडल्यावर आपोआप बरा होत असेल, तर डीसी वायरीचा कनेक्टर कुठेतरी पाण्यात पडलेला आहे किंवा खारीने वायर कुरतडली आहे. ते सगळे वेगळे आजार.

आपल्या आजाराची खूण म्हणजे दातेरी रेघ. चार हजार वॅटवरून थेट शून्य, पुन्हा चार हजार, पुन्हा शून्य, आणि हे फक्त भर दुपारी. ॲपमध्ये एररची यादी असते, तीही बघा. इंग्रजीत ‘ग्रिड ओव्हर व्होल्टेज’, ‘एसी व्होल्टेज हाय’, ‘आउट ऑफ रेंज’ असं काहीतरी असेल. तसं असेल तर धुण्याचा नाद सोडा. उलट, धुतलेले पॅनेल जास्त वीज देतात आणि इन्व्हर्टर आणखी लवकर बंद पडतो.

इन्व्हर्टर मुद्दाम बंद होतो

घरातल्या सिंगल फेज लाइनचं ठरलेलं व्होल्टेज २३०. वीज जास्त व्होल्टेजकडून कमी व्होल्टेजकडे जाते, म्हणून बाहेर वीज ढकलायची तर इन्व्हर्टरला स्वतःच्या टर्मिनलवर लाइनपेक्षा थोडं जास्त व्होल्टेज तयार करावं लागतं. मधली वायर जितकी बारीक, लांब किंवा सैल जोडलेली, तितकं जास्त. केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या २०१३ च्या नियमांप्रमाणे व्होल्टेज ठरलेल्याच्या ११० टक्क्यांवर गेलं की, म्हणजे २५३ व्होल्टच्या पुढे, इन्व्हर्टरने २ सेकंदांच्या आत लाइनपासून तुटलं पाहिजे. परत जोडून घ्यायच्या आधी लाइन किमान ६० सेकंद स्थिर असल्याची खात्री करायची. पुष्कळ इन्व्हर्टर त्याहून जास्त थांबतात आणि मग हळूहळू जोर पकडतात. जोर पकडला की व्होल्टेज वाढतं, की परत तुटतात. तुमचा दिवसातला सगळ्यात मोलाचा वेळ या खेळात जातो.

हा त्रास मे महिन्यात कमी आणि ऑक्टोबर ते फेब्रुवारीत जास्त का, असं लोक विचारतात. पॅनेलवर लिहिलेली वॅट २५ अंश तापमानाची असते. मेमध्ये पॅनेल ६० अंशांच्या पुढे तापतो आणि दर अंशामागे साधारण ०.३५ टक्का वीज घटते, म्हणजे बारा-तेरा टक्के तिथेच गेले. शिवाय घरोघरी कूलर, एसी चालू असल्याने लाइनचं व्होल्टेज दबलेलं असतं. पाऊस संपून आकाश स्वच्छ झालं, हवा गार झाली आणि शेतातल्या मोटारी बंद असल्या, की व्होल्टेज वर चढतं आणि पॅनेलही तेव्हाच पूर्ण ताकदीने चालतात.

तीन आकडे

पहिला आकडा इन्व्हर्टरच्या डिस्प्लेवर किंवा ॲपमध्ये दिसणारं एसी व्होल्टेज. दुसरा, त्याच मिनिटाला वीज मीटरवर दिसणारं व्होल्टेज. आताच्या नेट मीटरवर युनिट, व्होल्टेज, करंट हे आकडे आपोआप फिरत असतात, नाहीतर बटण दाबलं की पुढे सरकतात. एकाने गच्चीवर उभं राहायचं, दुसऱ्याने मीटरपाशी, आणि फोनवर बोलत दोन्ही आकडे एकदम टिपायचे. तिसरा आकडा म्हणजे इन्व्हर्टरचा एसी एमसीबी (खटका) खाली करून लगेच मीटरवर दिसणारं व्होल्टेज.

बंद पडायच्या नेमक्या क्षणाची वाट बघत बसू नका, तो सापडत नाही. अकराच्या सुमारास इन्व्हर्टर तीन-चार किलोवॅटवर स्थिर असेल तेव्हा आकडे घ्या, आणि त्या वेळी किती वॅट होते तेही लिहा. मधली वाढ करंटच्या प्रमाणात असते, त्यामुळे पुढचा हिशेब मांडता येतो. ढग येऊन-जाऊन असतील तर तो दिवस सोडून द्या.

आता वजाबाकी. पहिल्यातून दुसरा गेला की उरतं ते तुमच्या घरातल्या वायरिंगचं देणं. दुसऱ्यातून तिसरा गेला की खांबापर्यंतच्या सर्व्हिस वायरचं आणि पुढच्या लाइनचं. आणि तिसरा आकडा स्वतः म्हणजे डीपीकडून येणारं मूळ व्होल्टेज, ज्यात तुमचा काही हात नाही.

विट्याजवळचं एक घर

५ किलोवॅट, सिंगल फेज, इन्व्हर्टर जिन्यात, मीटर फाटकाजवळच्या भिंतीत. घरमालक निवृत्त शिक्षक, त्यामुळे वही तयार होती. कुठल्या दिवशी किती वेळा लाल दिवा लागला ते काकांनी तारखेवार मांडलं होतं, आणि त्यातूनच एक गोष्ट दिसत होती: यंत्रमागांना सुट्टी असेल त्या दिवशी त्रास दुप्पट. माग बंद म्हणजे लाइनवरचा भार कमी, म्हणजे व्होल्टेज जास्त. वहीत हे असल्यावर अर्धं निदान तिथेच झालं.

आकडे असे आले. इन्व्हर्टरवर २५३, मीटरवर २४६, आणि इन्व्हर्टर बंद केल्यावर मीटरवर २४१. त्या वेळी करंट साधारण १९ अँपिअर. म्हणजे घरात ७ व्होल्ट आणि बाहेरच्या तारेत ५.

बाहेरचे ५ समजण्यासारखे होते. खांब ४० मीटरवर, वायर १० स्क्वेअर एमएम ॲल्युमिनियमची. तिचा रोध किलोमीटरला ३.०८ ओहम. जाऊन-येऊन ८० मीटर धरले की पाव ओहम, गुणिले १९, म्हणजे पावणेपाच व्होल्ट. हिशेब जुळला.

घरातले ७ मात्र जुळेनात. इन्व्हर्टरपासून मीटरपर्यंत २५ मीटर, तांब्याची ६ स्क्वेअर एमएम केबल. जाऊन-येऊन ५० मीटरला ०.१५४ ओहम, म्हणजे तीनच व्होल्ट. उरलेले चार कुठे गेले? चार व्होल्ट गुणिले १९ अँपिअर, ७६ वॅट. इतकी उष्णता कुठल्यातरी एका जोडावर रोज दुपारी जिरत होती. जुना पिवळा साठचा बल्ब पेटलेला असताना हाताला सोसत नाही, आणि इथे त्याहून जास्त, करंगळीच्या टोकाएवढ्या जागेत.

मेन बंद करून एसीडीबीचं, म्हणजे तो एसी एमसीबी असलेल्या डब्याचं, झाकण काढलं. जळक्या प्लास्टिकचा वास आलाच. न्यूट्रलची तार लग (तारेच्या टोकाला बसवायची धातूची टोपी) न लावता, नुसती पिळून टर्मिनलमध्ये खुपसली होती. तिचं इन्सुलेशनही सोबत आत गेलेलं, त्यामुळे स्क्रू तांब्याऐवजी प्लास्टिकवर बसला होता. एमसीबीची एक बाजू तपकिरी पडली होती, तार तीन इंचांपर्यंत काळी आणि कडक. ती तेवढी कापली, नवा लग दाबून घट्ट बसवला, एमसीबी बदलला. दुसऱ्या दिवशी त्याच वेळेला, तितक्याच वॅटवर इन्व्हर्टरचं व्होल्टेज २४९. लाल दिवा लागला नाही.

हे इतकं खोलात सांगायचं कारण असं, की ‘ग्रिडचा प्रॉब्लेम’ म्हणून फाइल बंद केली असती तर तो जोड एक दिवस पेटला असता. घरातल्या भागाचा आकडा हिशेबापेक्षा दोन व्होल्टने जरी जास्त आला, तरी सैल जोड धरून चाला.

एक मात्र बजावून सांगतो. एसीडीबीतला एमसीबी खाली केला तरी त्याच्या मीटरकडच्या टोकाला वीज असतेच. मेन स्विच बंद करून, टेस्टरने तपासूनच हात घालायचा, आणि हे काम परवानाधारक वायरमनचं आहे. डीसीकडे तर जाऊच नका. ५ किलोवॅटच्या स्ट्रिंगमध्ये, म्हणजे एकामागे एक जोडलेल्या पॅनेलच्या माळेत, चारशे-पाचशे व्होल्ट डीसी असतं. चालू स्थितीत कनेक्टर ओढला तर ठिणगी विझत नाही, ताणली जाते.

जोड ठीक, तरी आकडा मोठा

केबलच बारीक असेल तर जोड घट्ट करून भागत नाही. ५ किलोवॅटसाठी ३० मीटर लांब ४ स्क्वेअर एमएमची तांब्याची केबल टाकलेली मी पाहिली आहे. केबल जळत नाही, त्यामुळे फिटरच्या दृष्टीने ती ‘चालते’. पण २१ अँपिअरला जवळपास सहा व्होल्ट तिच्यातच जातात. १० स्क्वेअर एमएम टाकली की तेच सव्वादोन-अडीचवर येतात. नवीन सिस्टिम बसवत असाल तर पॅनेलच्या ब्रँडवर जितका वेळ घालवता, त्यातला थोडा एसी केबलवर घाला. आणि जमेल तितका इन्व्हर्टर मीटरच्या जवळ लावा. लांब पल्ला डीसीकडून काढणं परवडतं, कारण तिकडे व्होल्टेज जास्त, करंट कमी.

सर्व्हिस वायर बदलायची तर वीज कंपनीकडे अर्ज करावा लागतो. १० ची १६ स्क्वेअर एमएम केली की वरच्या उदाहरणातले पावणेपाच व्होल्ट तीनवर येतात. खांबावरचा जंपर (लाइन आणि सर्व्हिस वायर जोडणारा तारेचा तुकडा) नुसता पिळून बांधलेला असेल तर वायरमनकडून तोही नीट करून घ्या. पावसाळ्यानंतर ॲल्युमिनियमच्या जोडावर पांढरी भुकटी जमते आणि रोध वाढतो.

बाहेरच्या आकड्यात अजून एक भानगड लपलेली असू शकते, आणि ती सोलरपेक्षा मोठी आहे. मिक्सर किंवा मोटर लावल्यावर दिवे मंद होण्याऐवजी एकदम प्रखर होत असतील, तर न्यूट्रल सैल आहे किंवा तुटत आला आहे. अशा वेळी व्होल्टेज तीनशेच्या घरात जाऊ शकतं. मेन बंद करा आणि लगेच १९१२ वर तक्रार द्या. इन्व्हर्टरचं नंतर बघू.

तिसरा आकडाच मोठा असेल तर

डीपीच्या पाटीवर ११०००/४३३ असं लिहिलेलं असतं. ४३३ ला १.७३२ ने भागलं की २५०. म्हणजे भार नसताना डीपी एका फेजला २५० व्होल्ट देईल अशीच तिची रचना असते, कारण पूर्वी वीज फक्त डीपीकडून घराकडे जायची आणि शेवटच्या घरापर्यंत पोचताना ती घटणार हे गृहीत होतं. आता दुपारी ती उलटी वाहते. डीपीला लागून असलेल्या घरांना त्यामुळे हा त्रास हमखास होतो.

राज्याच्या नियमांत घरगुती लाइनला सहा टक्के कमी-जास्त मुभा आहे, म्हणजे वरची मर्यादा जवळपास २४४. तुमचा इन्व्हर्टर बंद असतानाही मीटर त्याहून जास्त दाखवत असेल तर तक्रारीला जागा आहे. बऱ्याच डीपींना व्होल्टेज कमी-जास्त करायचा टॅप असतो, एका पायरीला सहसा अडीच टक्के म्हणजे सहा व्होल्ट. तो लाइन बंद करून फिरवावा लागतो आणि अभियंता पटकन तयार होत नाही, कारण दुपारी तुमचं २४८ चं २४२ केलं तर संध्याकाळी टोकाच्या घराचं १९५ चं १९० होणार. त्याचंही चूक नाही. अशा वेळी फेज बदलून मागणं सोपं जातं: कॉलनीतली सोलरची सगळी घरं एकाच फेजवर आली असतील तर काही दुसऱ्यावर नेता येतात. तुमच्याकडे थ्री फेज कनेक्शन असूनही इन्व्हर्टर सिंगल फेज असेल, तर सगळ्यात कमी व्होल्टेज असलेल्या फेजवर तो घेणं हे तुमच्या वायरमनच्याच हातात आहे. आणि मुळात पाचच्या पुढची सिस्टिम घ्यायची असेल तर थ्री फेज इन्व्हर्टरच घ्या; करंट तीन ठिकाणी वाटला जातो.

एक उपाय करू नका

काही फिटर मोबाइलवरून इन्व्हर्टरच्या सेटिंगमध्ये जाऊन देशाचा कोड बदलतात किंवा वरची मर्यादा २७०-२८० करून देतात. दोन मिनिटांत काम, लाल दिवा गायब, ग्राहक खूश. पण मग भर दुपारी तुमच्या टीव्हीला, फ्रिजला, एलईडी बल्बना आणि शेजाऱ्याच्याही घराला ते व्होल्टेज जातं. बल्ब लवकर उडायला लागले असतील आणि सोलर ‘मस्त चालत’ असेल, तर ही सेटिंग तपासून घ्या. नियमात ते बसत नाहीच.

त्याऐवजी पुष्कळ इन्व्हर्टरमध्ये व्होल्ट-वॉट नावाची सोय असते. व्होल्टेज मर्यादेजवळ आलं की इन्व्हर्टर पूर्ण बंद न होता उत्पादन थोडं कमी करतो. पाचऐवजी सव्वाचार किलोवॅट मिळाले तरी चार आणि शून्यच्या झोकांड्यांपेक्षा केव्हाही परवडलं. ती सुरू करून घ्या. पॉवर फॅक्टर बदलायचा सल्लाही मिळेल, पण आपल्याकडच्या लो-टेन्शन तारांवर त्याचा परिणाम फारसा जाणवत नाही.

दुरुस्ती होईपर्यंत घरातला भार दुपारी आणा. पाण्याची मोटर, वॉशिंग मशीन, इस्त्री, संध्याकाळच्या पाण्यासाठी गीझर, हे साडेअकरा ते अडीचमध्ये. २ किलोवॅटचा गीझर लावला की बाहेर जाणारा करंट आठ-नऊ अँपिअरने घटतो आणि विट्याजवळच्या त्या घरात तेवढ्याने दोन व्होल्ट उतरले असते. एरवी नेट मीटरिंगमध्ये बाहेर गेलेल्या युनिटचा हिशेब मिळतोच, पण इन्व्हर्टर बंद असताना न बनलेल्या युनिटचा कोण देणार?

तक्रार लिहिताना

‘सोलर चालत नाही’ असं लिहिलं की अर्ज सोलरवाल्याकडे टोलवला जातो. विषयात ‘जादा व्होल्टेजबाबत’ असं लिहा आणि ग्राहक क्रमांक, डीपी कुठली, खांब कुठला ते द्या. वेगवेगळ्या दिवशीचे मीटरचे फोटो जोडा, इन्व्हर्टर बंद असतानाचे, तारीख-वेळेसह. त्यात एखादा रविवार असू द्या. त्याच डीपीवरच्या दोन-तीन शेजाऱ्यांच्या सह्या मिळाल्या तर फार बरं. अर्ज शाखा कार्यालयात देऊन आवक क्रमांक घ्या. नुसत्या फोनवरच्या तक्रारी वायरमन येऊन गेला की बंद होतात. तिथे काही हललं नाही तर ग्राहक तक्रार निवारण मंच आहे, आणि त्याच्या वर विद्युत लोकपाल, मुंबई आणि नागपूरला.

घरातले जोड घट्ट करून घ्यायला खंडेनवमीच्या आधीचा आठवडा चांगला. पाऊस सरलेला असतो आणि त्रासाचे महिने नुकतेच सुरू होणार असतात. तेव्हाच तिन्ही आकडे परत घ्या आणि मीटरच्या पेटीत आतल्या बाजूला चिकटवून ठेवा. पुढच्या वर्षी कुठला वाढला ते बघितलं की वायरमनला बोलवायचं की कंपनीत जायचं, ते तिथेच ठरतं.